माझ्या नावाची रात्रपाळी

बोम्मसंद्र्यातल्या आमच्या कारखान्यात मी झोपेत जेवढं काम करायचो, तेवढं जागेपणी मला कधीच जमलेलं नाही. हे मी म्हणत नाही, रिपोर्ट म्हणायचा. महिन्याच्या बैठकीत पडद्यावर रंगीत खांब उभे राहत, त्यात सगळ्यांत उंच खांब माझा. रात्री पावणेतीनला मशिनचं कूलंट कमी झाल्याची तक्रार नोंदवणारा मी, तीनला स्टोअरकडे बेअरिंग मागणारा मी, पहाटे 'सांबार खारट' हे कॅन्टीनच्या कानावर घालणारा मी आणि सहाच्या आत कंत्राटी कामगारांचे गेट-पास काढून मोकळा होणाराही मीच. "यांच्याकडून शिका जरा," प्लांट हेड मॅडम एकदा भर बैठकीत म्हणाल्या. मी मान खाली घातली. सगळ्यांना तो विनय वाटला.

त्या सगळ्या वेळी मी चंदापुरातल्या खोलीत पंख्याखाली घोरत असे आणि माझ्या नावानं चार सॉफ्टवेअरं राबत असत.

आमच्याकडे टिकेट काढल्याशिवाय पान हलत नाही. मशिन बंद पडलं, टिकेट. माउस बिघडला, टिकेट. बाहेरचा माणूस आत घ्यायचाय, टिकेट. या टिकेट-व्यवस्थेचं भाडं माणशी असतं; जितकी खाती, तितके पैसे, महिन्याच्या महिन्याला. मशिनवर लक्ष ठेवणारं सॉफ्टवेअर पहिल्यांदा आलं, तेव्हा त्याला वेगळं खातं काढू या, असं मी अकाउंट्सच्या साहेबांना सुचवलं होतं. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "यंत्राला खातं? यंत्र काय पगार घेतं का?" एक फॉर्म भरायचा वाचला म्हणून मीही फार ताणलं नाही. जोडणी करायला आलेला पोरगा माझाच आयडी मागत दारात उभा होता. "सर, अ‍ॅडमिन ऐडी कोडी." मी कुरकुरलो. "स्वल्प अड्जस्ट माडी, सर." 'जरा सांभाळून घ्या' म्हणणाऱ्या या वाक्यापुढे बंगळुरात भल्याभल्यांचं काही चालत नाही. शिवाय त्याच्या माहितीपुस्तिकेतच छापलं होतं की अ‍ॅडमिन खातं आवश्यक आहे. असं का छापतात, ते पुढे कळलं. सॉफ्टवेअर लिहिणारा स्वतः अ‍ॅडमिन असतो, त्याच्याकडे सगळं चालतं, आणि कमी हक्कांत काय काय चाललं असतं हे तपासायला त्याला कुणी पगार देत नाही.

मग मी माझ्या खात्याचं एक टोकन काढून दिलं. टोकन म्हणजे अक्षरं-आकड्यांची लांबलचक ओळ. ती ज्याच्या हाती, त्याला व्यवस्था खातेदार समजते. पासवर्ड विचारत नाही, कोड विचारत नाही. आमच्या व्यवस्थेत टोकनाला स्वतःचे असे वेगळे हक्क नव्हते. खातेदाराला जे जे करता येतं, ते ते टोकनाला. आणि खातेदाराला म्हणजे मला, सगळंच करता येत होतं. पुढे स्टोअरचं सॉफ्टवेअर आलं, कॅन्टीनचा व्हॉट्सअ‍ॅप बॉट आला, गेट-पासचं आलं. प्रत्येक वेळी तोच पोरगा किंवा त्याच्यासारखाच दुसरा, आणि तेच टोकन.

अज्ञान हे कारण मला सांगता येत नाही. या विषयावर कारखान्यात व्याख्यान मीच दिलं होतं. जेरोम साल्टझर आणि मायकल श्रोडर यांनी 1975 साली संगणकातल्या माहितीच्या संरक्षणावर लेख लिहिला, त्यात आठ तत्त्वं मांडली. त्यातलं एक असं, की प्रत्येक प्रोग्रामला आणि प्रत्येक माणसाला कामापुरते, कमीत कमी हक्क द्यावेत. हे मी स्लाइडवर घातलं होतं, साल्टझरच्या स्पेलिंगसकट. मग ओक्टाची गोष्ट सांगितली. ओक्टा म्हणजे दुसऱ्यांच्या लॉग-इनची राखण करणारी अमेरिकन कंपनी. 2023 साली तिच्याच ग्राहक-तक्रारींच्या व्यवस्थेत चोर शिरला. वाट होती एका सर्व्हिस खात्याची, म्हणजे माणसाच्या नव्हे, सॉफ्टवेअरच्या वापरासाठी काढलेल्या खात्याची. एका कर्मचाऱ्यानं कंपनीच्या लॅपटॉपवर क्रोममध्ये स्वतःचं खासगी गूगल खातं उघडलं होतं आणि त्या सर्व्हिस खात्याचं नाव-पासवर्ड त्यात साठून राहिलं होतं. 28 सप्टेंबर ते 17 ऑक्टोबर चोर आत होता. 134 ग्राहकांच्या फायली त्यानं पाहिल्या. "एका खात्याला एवढे हक्क कशाला?" असं मी हातवारे करून विचारलं आणि श्रोत्यांकडे रोखून पाहिलं. नंतर नोंदी चाळल्या, तेव्हा दिसलं की बरोबर त्याच मिनिटाला मी कॅन्टीनमध्ये 'दही संपलं' अशी तक्रार केली होती.

बोम्मसंद्रा कुठे, हे मिरजेच्या नातेवाइकांना समजावताना मला नेहमी त्रास होतो. होसूर रोडला लागायचं, इलेक्ट्रॉनिक सिटी मागे टाकायची, हेब्बगोडी गेलं की कारखान्यांची वस्ती लागते. बाहेरच्यांना इथलं नारायण हृदयालय माहीत असतं. आमच्यासारखे बाकीचे पत्र्यांखाली मशिनं चालवत बसलेले असतात. 10 ऑगस्ट 2025 ला मेट्रोची पिवळी मार्गिका सुरू झाली, आर. व्ही. रोड ते बोम्मसंद्रा, 19 किलोमीटर, 16 स्थानकं, आणि आम्ही शेवटचे. चालकाविना धावू शकणाऱ्या गाड्या. फक्त सुरुवातीला त्या तीनच होत्या आणि पंचवीस मिनिटांनी एक यायची. तसं या शहराशी मराठी माणसाचं नातं जुनं: शहाजीराजांना 1638 नंतर बंगळूरची जहागीर मिळाली होती. 1687 ला मोगलांनी शहर घेतलं आणि तीन लाख रुपयांत ते म्हैसूरच्या चिक्कदेवराजांकडे गेलं. तेव्हापासून इथल्या मराठी माणसाच्या हक्कांची व्याप्ती मर्यादितच आहे. तिला अपवाद मी एकटा, तोही चुकून.

मेट्रो सुरू झाली त्याच आठवड्यात तिकडे दूर एक चोरी चालली होती. सेल्सलॉफ्ट कंपनीच्या ड्रिफ्ट या चॅट-सॉफ्टवेअरची टोकनं चोरांच्या हाती लागली आणि त्यांच्या जोरावर सातशेहून जास्त संस्थांच्या, सेल्सफोर्स या ग्राहक-नोंदींच्या सॉफ्टवेअरमधल्या नोंदी उपसल्या गेल्या. बातमी बाहेर आली तेव्हा मी ती ऑफिसच्या ग्रुपवर टाकली. वर लिहिलं, 'सर्वांनी सावध राहा.' आणि गौरी-गणपतीची रजा टाकून रात्रीच्या राणी चेन्नम्मा एक्स्प्रेसनं मिरजेला गेलो.

जाताना एक व्यवस्थितपणा केला. आपण रजेवर आहोत, हे आउटलुक प्रत्येकाला एकदाच कळवतं. मला ते अपुरं वाटलं. लोक विसरतात. म्हणून मी माझा स्वतःचा नियम लिहिला: येणाऱ्या प्रत्येक मेलला उत्तर जाईल. 'मी रजेवर आहे. अर्जंट असल्यास मेंटेनन्सला फोन करावा.' आपोआप जाणाऱ्या मेलला आपोआप उत्तर देऊ नये, अशी शिफारस 2004 पासून इंटरनेटच्या नियमावलीत आहे, आरएफसी 3834. तीही माझ्या स्लाइडवर असावी.

गौरी जेवल्या त्या रात्री, म्हणजे 1 सप्टेंबरला, बारा वाजून गेले असतील. पुरणपोळ्यांनी जड झालेलं घर नुकतंच आडवं झालं होतं. फोन वाजला. रात्रपाळीचा सुपरवायझर.

"सर, मलगिद्रा?" झोपला होता का, हे तो नेहमीच आधी विचारतो.

"हो."

"मग सर, हूटर तुम्हीच का वाजवताय?"

मागे खरोखरच हूटर बोंबलत होता. झालं होतं ते असं. एका मशिनचं कूलंट दोन बोटं कमी झालं. मशिनवर लक्ष ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरनं टिकेट काढलं, अर्थात माझ्या नावानं. तक्रारदार मी, म्हणून 'आपली तक्रार मिळाली' असा मेल मला आला. माझ्या नियमानं त्याला उत्तर दिलं. टिकेट-व्यवस्थेनं ते उघडलं, आत 'अर्जंट' हा शब्द दिसला. आता, अ‍ॅडमिनच्या मेलमध्ये 'अर्जंट' असेल, तर टिकेट पहिल्या प्राधान्यावर टाकावं, अशी सोय मीच करून ठेवली होती, मोबाइलवरून लांबलचक टाइप करायला नको म्हणून. पहिलं प्राधान्य म्हणजे मेंटेनन्सच्या खोलीत हूटर, लाल दिवा आणि प्लांट हेड मॅडमच्या फोनवर घंटी. प्राधान्य बदलल्याचा मेल पुन्हा तक्रारदाराला. म्हणजे मला. माझं उत्तर पुन्हा तयार. पाठोपाठ बाकीची टिकेटंही एकेक करून त्यात ओढली जात होती, कारण सगळ्यांचा तक्रारदार मीच.

मी काळोखात मोबाइलवरून पासवर्ड बदलला. हूटर चालूच. मेल घेणारं दार पासवर्ड विचारत नव्हतं, ते फक्त पाठवणाऱ्याचं नाव पाहत होतं. टोकनालाही पासवर्डशी देणंघेणं नव्हतं. पासवर्ड बदलला तरी ते तसंच जिवंत. तेवढ्यात मॅडमचा फोन आला. त्या ओरडल्या नाहीत. "तुम्ही रजेवर असूनही इतकं काम का करताय?" एवढंच विचारलं.

मग मला एक अक्सीर इलाज सुचला. मी माझं खातंच बंद केलं.

एकदम शांत झालं. सुपरवायझर म्हणाला, "सूपर, सर." मी पाणी प्यायलो, गौरींकडे बघून हात जोडले आणि आता खातं परत चालू करू म्हणून बसलो. ते अ‍ॅडमिनला करता येतं. अ‍ॅडमिनचं खातं मी आत्ताच बंद केलं होतं.

ओसरीवर मामा जागे होते. ते तलाठी म्हणून निवृत्त झालेत, रात्री त्यांना झोप येत नाही आणि दुसऱ्याचं नुकसान ऐकायला ते कायम तयार असतात. मी सगळं सांगितलं. त्यांनी तंबाखू मळत ऐकून घेतलं.

"म्हणजे यंत्रांना तू कुलमुखत्यारपत्र लिहून दिलंस."

"तसंच काहीसं, मामा."

"अरे, लाइट बिल भरायला पाठवलेल्या माणसाला कुणी जमीन विकायचा अधिकार देतो का लेका? विशेष मुखत्यारपत्र म्हणून एक वस्तू असते. गट नंबर लिहायचा, काम लिहायचं, मुदत लिहायची, खाली सही. ह्या कामाला एवढंच. आणि बरं, आधी तुझं ते कुलमुखत्यारपत्र रद्द कर."

"रद्द केलं. त्यात मीच रद्द झालो."

मामांनी तंबाखू तोंडात टाकली. पुढे बोलण्यासारखं त्यांच्याकडे काही उरलं नव्हतं.

पहाटेपर्यंत बातम्या येत राहिल्या. गेट-पास निघेनात, कंत्राटी कामगारांची रांग रस्त्यापर्यंत गेली. स्टोअरला मागणी पोचेना. कॅन्टीनच्या बॉटला रोज किती इडल्या लागणार, ते टिकेटांतून कळायचं. त्या दिवशी आकडा आला शून्य, आणि कॅन्टीनचे अण्णा आकड्याबाहेर जात नाहीत. सॉफ्टवेअर कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावला. मुलगी फार गोड बोलली. म्हणाली, आधी लॉग-इन करून टिकेट काढा.

एक प्रश्न मात्र मला छळत होता. शेवटचा अ‍ॅडमिन स्वतःला बंद करू पाहतो, तेव्हा व्यवस्था सहसा अडवते. मला का नाही अडवलं? आणि मग अंगावर काटा आला. म्हणजे आणखी एक अ‍ॅडमिन आहे! तो म्हणजे माझ्या आधी या खुर्चीवर बसणारा, मूळचा बेळगावचा, नोकरी सोडून केव्हाच कॅनडाला गेलेला. त्याचं खातं कुणी बंदच केलं नव्हतं. 'कुणी' म्हणजे ते काम ज्याचं होतं त्यानं. पी. एफ.च्या कागदांसाठी तो मला अधूनमधून फोन करायचा, त्यामुळे नंबर होता. तिकडे ब्रॅम्प्टनला संध्याकाळ, त्यात लेबर डेची सुट्टी.

"बोला की ओ! काय म्हणतंय बोम्मसंद्रा?"

मी चाचरत विचारलं, जुना पासवर्ड काही आठवतोय का.

"न आठवायला काय झालं ओ? कंपनीचं नाव, पुढं अ‍ॅट, पुढं एक-दोन-तीन."

तो चालला. दुसऱ्या खंडात, सुट्टीच्या दिवशी शेगडीवर मक्याची कणसं भाजत बसलेल्या त्या माणसाकडे आमच्या कारखान्याचे सगळे हक्क इतकी वर्षं शाबूत होते, आणि केवळ त्या हलगर्जीपणामुळे आम्ही वाचलो. हे चौकशीच्या अहवालात कसं लिहायचं, यावर मी परतीच्या गाडीत बराच विचार केला.

मॅडमनी अहवाल वाचला आणि चार यंत्रांना चार खाती मंजूर केली. अकाउंट्सचे साहेब एका दिवसाच्या उत्पादनाचा हिशेब पाहून आले होते, त्यामुळे पगाराचा विषय निघाला नाही. आता कुणाला किती हक्क द्यायचे, हे ठरवायचं होतं. रिक्वेस्ट ट्रॅकर नावाची पर्लमध्ये लिहिलेली एक जुनी व्यवस्था आहे, ती यात किती बारीक जाते ते मी पाहिलं. रांग दिसण्याचा हक्क वेगळा, टिकेट वाचण्याचा वेगळा, काढण्याचा वेगळा, तक्रारदाराला उत्तर देण्याचा वेगळा, आतल्या आत शेरा मारण्याचा वेगळा, बदलण्याचा वेगळा, आणि दुसऱ्याच्या हातातलं टिकेट हिसकावून घेण्याचाही चक्क वेगळा. मला हे सगळे हक्क होते आणि त्यातला शेरा मारण्याचाच तेवढा मी नीट वापरला होता.

आधी काय काय उघडं होतं, ते चाळताना घाम फुटला. कॅन्टीनच्या बॉटला सगळी टिकेटं वाचता येत होती, एच. आर.ची सुद्धा. अण्णा कधीकधी एखाद्याच्या ताटात जास्तीचा पापड ठेवून "नवीन नोकरी कुठे?" असं विचारायचे आणि पुढच्या महिन्यात तो माणूस राजीनामा द्यायचा. मला वाटायचं, अनुभव आहे माणसाला. शिवाय लोक टिकेटात काय वाटेल ते लिहितात. 'माझा पासवर्ड अमुक आहे, तो चालत नाही' असं लिहून खाली सही करणारे आमच्याकडे बरेच निघाले. ड्रिफ्टच्या चोरीत सापडलेल्या क्लाउडफ्लेअर कंपनीनं आपल्याकडच्या नोंदी उलगडल्या, तर त्यांत स्वतःचीच 104 टोकनं सापडली होती. तेवढं वाचून मला जरा बरं वाटलं.

मग मी एकदम टोकाला गेलो. सगळ्यांचे सगळे हक्क काढले आणि कोण बोंबलतं ते बघत बसलो. पडद्यावर 403 चा पाऊस. 401 म्हणजे 'तू कोण?' आणि 403 म्हणजे 'तू कोण ते कळलं, म्हणूनच नाही.' जोडणीवाला पोरगा धावत आला. त्याच्या आणि माझ्या मध्ये आता मामांची शिकवण उभी होती. मशिनच्या सॉफ्टवेअरला मेंटेनन्सच्या रांगेत टिकेट काढण्याचा हक्क दिला, वाचण्याचा नाही, प्राधान्य बदलण्याचा तर नाहीच. ते छान चाललं. फुशारून मी कॅन्टीनच्या बॉटलाही तसंच केलं: काढ, पण वाचू नकोस. दुपारी अण्णा स्वतः वर आले, हातात डाव. एका खारट सांबाराच्या तक्रारींनी त्यांचा अख्खा पडदा भरला होता. बॉटचा स्वभाव असा, की टिकेट काढल्यावर ते खरंच निघालं का, हे तो वाचून पाहायचा. दिसलं नाही की पुन्हा काढायचा. त्याला वाचायला बंदी होती, म्हणून बिचारा दर मिनिटाला इमानदारीनं नव्यानं तक्रार करत राहिला. शेवटी स्वतः काढलेली टिकेटं वाचण्याचा हक्क त्याला दिला. दुसऱ्याची नाहीत. अण्णांच्या पापडाचा नेम तेव्हापासून चुकायला लागला.

पुढच्या महिन्याच्या बैठकीत माझा खांब असा काही बसला, की एच. आर.नं कामगिरी खालावल्याबद्दल विचारणा केली. मशिनवाल्या खात्याचं मात्र कौतुक झालं.

मॅडम तिथेच थांबल्या नाहीत. त्यांनी माझी व्याख्यानाची स्लाइड कुठूनशी मिळवून वाचली होती. "यात 'प्रत्येक माणसाला'ही लिहिलंय," त्या म्हणाल्या. माझं रोजचं खातं साधं झालं. अ‍ॅडमिनचं खातं वेगळं, त्याचा पासवर्ड लखोट्यात, लखोटा अकाउंट्सच्या कपाटात. तो हवा असेल तर टिकेट काढायचं. अकाउंट्सचे साहेब ते टिकेट चष्म्यावरून वाचतात.

आता एवढंच राहिलं होतं, की बेळगावकरांचं खातं बंद करायचं. पण सुधारणेच्या भरात मी आणखी एक नियम चालू करून बसलो होतो: अ‍ॅडमिनचं खातं बंद करायचं असेल, तर दुसऱ्या अ‍ॅडमिनची मंजुरी लागेल. अ‍ॅडमिन दोनच. एक मी, दुसरा तो. त्याचा पासवर्ड मी त्याच रात्री बदलला होता. म्हटलं, त्याच्या नावानं शिरतो आणि मीच मंजुरी देतो. मॅडम म्हणाल्या, "दुसऱ्याच्या नावानं काम करायचं नाही, म्हणूनच तर हे सगळं केलं ना?"

तेव्हा त्याला कायमचं बाहेर काढण्यासाठी मी त्याला नवा पासवर्ड कळवला. ब्रॅम्प्टनहून तो आत आला, स्वतःचं खातं बंद करण्याला त्यानं मंजुरी दिली, आणि जाता जाता त्याच्या नावावर राहिलेली जुनी टिकेटंही निकाली काढली. त्यातलं एक माझं होतं, मी रुजू झालो त्या दिवशीचं: 'नवीन कर्मचारी. लॉग-इन मिळावं, ही विनंती.' खाली त्याचं उत्तर होतं, 'मिळालं न्हवं आता?' आणि स्थिती, पूर्ण.